करडीच्या तेलाचा ओटा

माझ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर चढून, मांडी घालून भाकरी थापणारी एकच बाई होऊन गेली. ती माझी सासू. आणि तिला तिथून खाली उतरवणारी मी.

परवा सुनेच्या घरी एक माणूस तिच्या ओट्यावर कसलंसं औषध फवारून गेला. सून म्हणाली, "आई, आजचा दिवस हात लावू नका. दगड सील व्हायलाय." मी लगेच हात मागं घेतला. दगडाला हात लावू नका असं सांगणारीचा आवाज मला चांगला ओळखू येतो. एके काळी तो माझ्याच गळ्यातून निघायचा, आणि सुनेच्या आवाजापेक्षा पुष्कळ वाईट निघायचा.

परभणीला आमचं घर बांधून झालं ते विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीच्या वर्षांत, नव्वदच्या अलीकडंपलीकडं. आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून. गल्लीत ज्यांच्या घरी ओटा होता त्यांचा कडप्प्याचा. बाकीच्या बाया अजून जमिनीवर बसून स्वयंपाक करायच्या. आमच्याकडं मात्र ग्रॅनाइट आला. काळाभोर, आत चांदीच्या टिकल्या पेरल्यासारखा. ह्यांच्या साहेबाच्या बंगल्यावर मी तसला बघितला होता आणि तेव्हापासून ह्यांना जेवताना दुसऱ्या विषयावर बोलू दिलं नव्हतं.

त्या वेळची मी म्हणजे कॉलेजचं एक वर्ष केलेली बाई. एकच वर्ष, पण बोरीच्या शेतकरी घरात लग्न करून येऊन मी त्यांच्यावर फार मोठी मेहरबानी केली आहे, अशी माझी समजूत त्या एका वर्षानं करून दिली होती. आज ती बाई माझ्या दारात आली तर मी तिला उंबऱ्यातूनच वाटेला लावीन. चहाचं सुद्धा विचारणार नाही.

दगड बसवणारा मिस्त्री हैदराबादकडचा होता. जोडाच्या फटीत पांढरं सिमेंट भरून झाल्यावर जाताना तो म्हणाला, "बाई, खोपरेल तेल का हलका हात मारते रहो. बाद में सूखे कपडे से पोंछ लेना." सरळ होतं. पण खोबरेल घरात असायचं ते डोक्यापुरतं, बाटलीत. ते दगडाला घालायचं म्हणजे मला उधळपट्टी वाटली. आणि घरात बोरीहून आलेले करडीच्या तेलाचे डबे भरलेले. आमच्याच रानातली करडी, घाण्यावर काढून आणलेली. मनात म्हटलं, तेलच तर लावायचंय. त्यात आपलं घरचं शुद्ध तेल दगडाला जास्तच मानवेल. आणि हलका हात म्हणाल, तर तो मला कशातच जमला नाही, बोलण्यात सुद्धा.

सकाळी भांडी झाली की मी चिंधी तेलात बुडवायची आणि ओटा चोळायला घ्यायची. कोरड्या कपड्यानं पुसायचं मात्र टाळायची. पुसलं की चमक कमी दिसायची ना. तेल वर तसंच राहिलं की दगडात तोंड दिसायचं. माझंच तोंड. ते मी बराच वेळ बघत बसायची.

सासरे वारल्यावर सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. अंगानं एवढ्याशा, नऊवारी लुगडं, आणि उभ्यानं स्वयंपाक हा प्रकार त्यांनी जन्मात केलेला नव्हता. पहिल्या दिवशी त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा ओटा त्यांच्या छातीला लागला. त्यांनी वर गॅसकडं बघितलं, खाली जमिनीकडं बघितलं, आणि ज्वारीचा डबा पायानं ओढून घेतला. डब्यावर एक पाय, ओट्यावर दुसरा, आणि वर जाऊन मांडी घालून बसल्या. गॅस गुडघ्याशी. समोर पिठाची परात. काठवटीची गरजच पडली नाही. थेट दगडावर पीठ टाकून भाकरी थापायला लागल्या. गार, गुळगुळीत दगड. भाकरी हातासरशी फिरायची.

"ह्ये लय ब्येस हाय गं," वरूनच मला म्हणाल्या. "भाकरीला दगड ग्वाड हाय. म्या म्हनलं, लेकानं कशापायी घातलाय एवढा दगड. आता कळलं."

खाली मी हातात तेलाची चिंधी घेऊन उभी. देवाच्या चौरंगावर कुणी चपला घालून बसावं तसं मला झालेलं.

त्यांच्या भाकरीचं काय सांगू. चंद्रासारखी असं लिहायचा मोह होतो, पण चंद्राला काही पापुद्रा सुटत नाही. ह्यांच्या ताटात ती पडली की ह्यांचे डोळे लहानपणात जायचे. आत्याबाईंना त्या घरात बाकी काही नको होतं. कपाट नको, कॉट नको, टीव्हीसमोरची जागा नको. लेकाच्या ताटात आपल्या हातची भाकरी पडावी, एवढ्याचसाठी त्या गाव सोडून आल्या होत्या. मला हे तेव्हाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या तेलाची त्या भरपूर थट्टा करायच्या. "दगडाला तेल लावायलीस व्हय? शनवार हाय का आज? आता शेंदूर तेवढा फास, म्हंजी गल्लीतल्या बाया नारळ घिऊन येतेत."

मी शिकलेल्या आवाजात म्हणायची, "आत्याबाई, दगडाची निगा राखावी लागते. नाहीतर डाग पितो तो."

"चारठाण्याच्या दगडी देवळाला कोन तेल लावायलंय? उभंच हाय की कवाचं."

उत्तर नसलं की माणूस नियम करतं. मी नियम केले. ओट्यावर लिंबू कापायचं नाही. चिंच भिजवायची नाही. हळदीचा हात टेकवायचा नाही. तापलेला तवा ठेवायचा नाही. आणि शेवटी, ओट्यावर बसायचं नाही. कारण मात्र मी त्यांच्या तब्येतीचं काढलं. "आत्याबाई, पडलात तर किती महागात पडेल. मागच्या पडवीत स्टोव्ह मांडून देते. तुमच्या सवयीचं, खाली बसून करता येईल."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. पडण्याची काळजी नेमकी कुणाची चाललीय, ते त्यांना कळलं होतं.

"बरं," म्हणाल्या, आणि परात घेऊन पडवीत गेल्या. रॉकेलच्या स्टोव्हवर भाकरीला वास यायला लागला. ह्यांची एक भाकरी कमी झाली. मी ओट्याला तेल लावत राहिले.

त्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडं नव्या घरात पहिल्यांदाच बसल्या. संध्याकाळी गल्लीतल्या बाया दर्शनाला आल्या. कुंकू लावून, प्रसाद देऊन झाला की मी एकेकीला "या ना, आतून बघा की घर" म्हणत स्वयंपाकघरात न्यायची. महालक्ष्म्या बाहेरच्या खोलीत, पण माझी आरास आत. शेजारच्या मास्तरीणबाई ओट्याजवळ आल्या आणि सहज हात टेकवून उभ्या राहिल्या. उचलायला गेल्या तर चट्ट असा आवाज झाला. तळहातावर पीठ, एक मेलेली मुंगी आणि कसलासा पिवळट थर.

"अगं बाई, चिकटायलंय की हो," त्या म्हणाल्या.

मला ते माहीत नव्हतं असं नाही. आठ-पंधरा दिवस दगड चिकट लागत होता. मी जितकं तेल लावायची तितका जास्त. चमक गेली होती आणि काळ्याचा रंग गुळाच्या काकवीवर गेला होता. पण त्या घटकेला चार जणी माझ्याकडं बघत होत्या आणि आत्याबाई उंबऱ्याशी बसून फुलोऱ्याच्या करंज्या ताटात लावत होत्या. मी हसून म्हणाले, "आमच्या आत्याबाईंचा प्रताप. गावाकडची सवय ना. तेलाचा हात झाला की दिसेल तिथं पुसायचा. किती सांगावं?"

बाया हसल्या. वाईट बुद्धीनं नाही; सासू-सुनेच्या बोलण्याला हसायचं असतं तशा. आत्याबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

आणि पडवीत स्टोव्ह मांडून दिल्यापासून त्यांचा हात त्या ओट्याला लागलेलाच नव्हता.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा दीर बोरीहून आला, तर आत्याबाई पिशवी भरून तयार. "रानात खुरपायला मानूस न्हाई म्हनतोय ह्यो. जाते म्या." त्या वयात त्या खुरपायला जाणार होत्या, यावर कुणाचा विश्वास बसणार. पण ह्यांनी त्यांना थांबवलं नाही. मीही "राहा की" असं एकदाच म्हटलं, एकदाच म्हणण्याच्या आवाजात.

त्या गेल्यावर मी मनाशी म्हटलं, आता बघा ओटा कसा राहतो. तो तसाच राहिला. जास्तच चिकट झाला. भाजीची परडी उचलावी तर खालचा वर्तमानपत्राचा कागद दगडालाच राहायचा, त्यावरची अक्षरं उलटी उमटायची. आता घरात तेलाचा हात फक्त माझा होता, तरी मी काही दिवस आत्याबाईंनाच बोल लावत होते. जुनं मुरलेलं असेल, असं म्हणत होते. दुसऱ्याला दोष द्यायचा ठरवला की माणसाची अक्कल किती लांबपर्यंत धावते बघा.

कळलं ते डब्यानं. करडीच्या तेलाचा रोजचा डबा उचलताना तो फळीला चिकटून बसला होता. तसा तो नेहमीच बसायचा. डब्याला बाहेरून ओघळ येतो आणि वाळून पिवळा, रबरासारखा चिवट थर होतो, हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक. मी लग्न होऊन आल्यापासून तो थर नखानं खरवडत आले होते. त्या दिवशीही खरवडला. नखात गुंडाळी आली. मी तिच्याकडं बघितलं, मग ओट्याकडं बघितलं, आणि ओट्यावर नख ओढलं. तीच गुंडाळी, तोच रंग, तोच वास. संबंध पावसाळाभर मी त्या दगडावर डब्याचा ओघळ सारवत होते. कॉलेजला गेलेली ती बाई हीच.

खाली बसले. हसू आलं नाही. आता येतं, पण तेव्हा डोळ्यांपुढं पदराखाली गेलेले ते दोन हात आले.

लगेच बोरीला जायला हवं होतं. परभणीहून जिंतूरच्या गाडीत बसलं की बोरी काही लांब नाही. पण त्या दिवसांत नामांतरावरून कधी कोणता बंद होईल आणि एस. टी. कधी थांबेल याचा नेम नसायचा. एके दिवशी मी निघाले तर स्टँडवर गाड्या उभ्याच. मी घरी परत आले आणि मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. पुढं गाड्या सुरळीत झाल्या तरी कितीतरी दिवस मी "गाड्यांचं काही खरं नाही" असंच म्हणत होते. हे एकदा जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "जिंतूरची गाडी रोज जायलीय. आमच्या ऑफिसातला शिपाई रोज येऊन-जाऊन करतोय." आणि पुढं, माझ्या हातची जाड भाकरी मोडत, "ओटा छान राहिलाय आता." ओटा काकवीसारखा झाला होता. ह्यांना दिसत नव्हतं थोडंच.

मग मी ओटा घासायला काढला. निदान नुसतं तोंड घेऊन जायला नको. धुण्याचा सोडा, कढत पाणी, ह्यांच्या दाढीचं जुनं ब्लेड, शेवटी रॉकेलची चिंधी. थर पापडासारखा निघायचा, खाली दगड जशाचा तसा काळा. बोटं फाटली, भाजीला रॉकेलचा वास यायला लागला, आणि तीच भाजी हे नाक न मुरडता जेवले. सांध्यातलं पांढरं सिमेंट मात्र पिवळं पडलं ते पडलंच.

बोरीला पोचले तेव्हा आत्याबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. जाऊ पाणी आणायला गेली होती. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. करडीचं तेल, डब्याचा ओघळ, सगळं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तेल कुनाचं व्हतं?"

"आपलंच. इथलंच."

"मंग आमच्याच रानातली करडी ती. म्हंजी माजंच झालं की नाव. बराबर बोल्लीस तू."

"आत्याबाई, चेष्टा करू नका. चुकलं माझं."

त्यांनी भाकरी उलटली. फुगली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चार बायांत बोल्लीस. आन् चुलीपशी यिऊन सांगायलीस."

आवाज चढलेला नव्हता. पीठ संपलंय असं सांगावं तसा. मग दुधाबरोबर भाकरी वाढली, मी खाल्ली, आणि येताना "चला ना आत्याबाई" म्हटलं तर म्हणाल्या, "यीन की. पावनी म्हून यीन."

पाहुणी हा शब्द मी परभणीपर्यंत घेऊन आले.

संक्रांतीला त्या आल्या. गाजरं, बोरं, ओल्या हरभऱ्याचे टहाळ, सगळं बांधून. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या. जमिनीवर बसणारी बाई, पण पाहुणी म्हणून खुर्चीत. तहान लागली तर मला म्हणाल्या, "बाई, पानी घिऊ का जरा?" लेकाच्या घरात पाण्याला परवानगी. मी पाणी आणलं तेव्हा हे पेपरमागं तोंड घालून बसले होते. पेपर हलत नव्हता.

संध्याकाळी हळदी-कुंकवाला बाया जमल्या. मुद्दामच मी त्या महालक्ष्म्यांच्या वेळच्या सगळ्यांना बोलावलं होतं. मास्तरीणबाई होत्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि मी मधेच उभी राहून म्हणाले, "एक सांगायचं होतं. मागं तुम्हाला ओटा चिकट लागला ना, तो आत्याबाईंमुळं नव्हता. मीच त्याला करडीचं तेल लावत होते. ते वाळून तसं झालं. आत्याबाईंचा हातसुद्धा लागलेला नव्हता. मी खोटं बोलले."

वाटलं, आता हसतील, मला नावं ठेवतील, आणि मला हलकं वाटेल. तेवढं तरी मिळावं अशी माझी हिशेबी अपेक्षा होती.

मग मास्तरीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघा, सून असावी तर अशी. सासूची चूक सुद्धा स्वतःवर घेतेय."

"तसं नाही हो," मी म्हणाले. "खरंच मी—"

"असू द्या, असू द्या. कळतं आम्हाला. आमच्या सुना बोलल्या असत्या का असं?"

दुसरी म्हणाली, "नशीब काढलं हो आजी तुम्ही." सगळ्या माना हलवायला लागल्या. मी जितकं "नाही नाही" म्हणायची तितकी माझी तारीफ वाढायची. बोलून परत घ्यायला गेले तर तेच बोलणं माझ्या गळ्यात हार होऊन पडलं. आणि तेलाचा हात दिसेल तिथं पुसणारी म्हातारी, ही आत्याबाईंची ओळख त्या गल्लीत आणखी पक्की झाली.

मी आत्याबाईंकडं बघितलं. वाटलं, आता ह्या उठून जातील. त्यांच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं. मग ओठाचा एक कोपरा हलला, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बायांना वाटलं, म्हातारीला भरून आलं. त्यांचे खांदे गदगदत होते. मला मात्र माहीत होतं काय चाललंय ते.

बाया गेल्यावर त्या खुर्चीतून उठल्या. "लय मोठी झालीस गं बाई तू," म्हणाल्या. "आता तुज्या हातची भाकर खायाची म्हंजी पुन्य लागंल. पर लेकाला कशाला शिक्षा? दी पीठ."

मी ज्वारीचा डबा ओढून ओट्याला लावला. त्यांनी पाय टाकण्याआधी तळपाय लुगड्याच्या सोग्याला पुसले. मी म्हटलं, "असू द्या हो." त्या वर गेल्या, मांडी घातली, पीठ मळलं, दगडावर भाकरी थापली. हे दारात येऊन उभे राहिले. ह्यांना आत यायला जागा होती, पण हे तिथंच उभे राहिले. पहिली भाकरी फुगली ती ह्यांनी उभ्यानंच हातावर घेतली, भाजी न लावता खाल्ली.

बस, इथं गोष्ट थांबली असती तर मी सुखी बाई असते.

भाकरी झाल्यावर आत्याबाई खाली उतरेनात. मी विचारलं, "काय पाहिजे?" त्यांनी सोगा ओला केला होता आणि दगड पुसायला घेतला होता. आधी पिठाचा भाग, मग गॅसभोवती, मग जिथं त्या बसल्या होत्या ती जागा, मग कडेचा पिवळा पडलेला सांधा, तो बोटानं दाबून दाबून. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. परक्याच्या घरी काम झाल्यावर पुसतात तसं. मग तळहात दगडावर ठेवून उचलून बघितला, चिकटतो का ते.

"आत्याबाई, पुसू नका," मी म्हणाले. "मी पुसते. ठेवा ते."

"असू दी," त्या म्हणाल्या. अजून हसतच होत्या. "पुन्यांदा नाव यायला नगं."

पुढंही त्या सणावाराला यायच्या, एक-दोन दिवस राहायच्या, डब्यावर पाय देऊन वर चढून लेकाला भाकरी करून घालायच्या. माझी थट्टाही करायच्या, चार माणसांत सुद्धा. आणि उतरण्याआधी दर वेळी तो दगड पुसायच्या. मी आधी त्यांचा हात धरून बघितला, मग ओट्यावर मुद्दाम हळद सांडून ठेवून बघितली, मग चिंच त्याच दगडावर भिजवायला लागले. त्या हळदही पुसायच्या आणि चिंचही. शेवटी मी त्यांच्या शेजारी उभी राहून अर्धा ओटा पुसायला लागले. त्या त्यांच्या बाजूनं यायच्या, मी माझ्या. माझा अर्धा झाला की त्या तोही परत एकदा पुसायच्या.